पारायण, ध्यान आणि एम-थ्रीची केटी: अध्यात्माने विद्यार्थ्यांचा ताण कमी होतो का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी परभणीकडचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दोनदा अडकलाय, त्याची केटी आहे; या खेपेला गेला तर वायडी लागेल, म्हणजे वर्ष वाया. रोज ॲपवर वीस मिनिटं ध्यान करतो, घरून दिलेल्या माळेवर जप करतो. आईने माझ्यासाठी गुरुचरित्राच्या सप्ताहाचा संकल्प सोडलाय आणि तो मीच वाचावा असं तिचं म्हणणं आहे. मानसशास्त्र शिकणारी एक मैत्रीण सांगते, अध्यात्माने विद्यार्थ्यांचा ताण कमी होतो हे संशोधनाने सिद्ध झालंय. मग माझा का वाढतोय? परीक्षा महिन्यावर आलीय. दहा दिवस विपश्यनेला जाऊन येऊ का? आणि पारायणाचं काय करू?"

मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही, पण "सिद्ध झालंय" हे तिने जरा सैल हाताने म्हटलंय. या विषयावर जगभर ढिगाने अभ्यास झालेत आणि त्यातले बरेचसे विद्यार्थ्यांवरच झालेत, कारण प्राध्यापकांना प्रश्नावल्या भरून घ्यायला वर्गातली मुलं आयती सापडतात. पद्धत बहुतेक ठिकाणी एकच. ताण मोजायला एक प्रश्नावली, बऱ्याचदा शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९८३ सालची. अध्यात्म मोजायला दुसरी. मग दोन्हींचा सहसंबंध, म्हणजे एक आकडा वर-खाली झाला की दुसरा किती होतो ते. आता गंमत बघ. अध्यात्माच्या प्रश्नावलीत "माझ्या जगण्याला अर्थ आहे", "मला आतून शांत वाटतं" अशा छापाची विधानं असतात. ज्याला आतून शांत वाटतंय त्याचा ताणाचा आकडा कमी येणारच, त्यात नवल कसलं? ही तक्रार कुणा नास्तिकाची नाही. धर्म आणि आरोग्य यांच्या नात्यावर हयात घालवलेले ड्यूक विद्यापीठातले हॅरल्ड कोनिग यांनीच २००८ मध्ये ती जाहीरपणे मांडली.

शिवाय हे अभ्यास बहुधा एकाच वेळी घेतलेले असतात. जप करणारा शांत असतो, की शांत असणाऱ्यालाच जपाला बसवतं, हे त्यातून कळत नाही. उलटही होतं. ताण वाढला की मुलं देवाकडे जास्त वळतात. परीक्षेच्या दिवसांत आमच्या कॉलेजजवळच्या मारुतीला जेवढी गर्दी असते तेवढी एरवी वर्षभर नसते, आणि तेव्हा पाहणी केली तर भक्ती आणि ताण हातात हात घालूनच दिसतील.

एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००३ मध्ये धार्मिकता आणि नैराश्याची लक्षणं यांच्यावरचे १४७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. माणसं जवळजवळ एक लाख. सहसंबंध निघाला उणे ०.०९६. म्हणजे धार्मिकता जास्त तिथे नैराश्य किंचित कमी, पण इतकं किंचित की माणसामाणसांतल्या फरकापैकी एक टक्काही त्यातून उलगडत नाही. त्याच विश्लेषणात दोन गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटतात. नुकताच एखादा मोठा आघात सोसलेल्या लोकांत हा आधार जास्त ठळक दिसला. आणि धर्माकडे काहीतरी मिळवण्याचं साधन म्हणून पाहणाऱ्यांत, किंवा देवाशी नातं बिघडलेल्यांत, नैराश्य उलट जास्त आढळलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. तू किती जप करतोस याने फारसा फरक पडत नाही. त्या जपाला, त्या देवाला तू कोणत्या कामावर ठेवलंयस, याने पडतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी "देव मानतोस का?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर मुलं समोरच्याचा चेहरा बघून देतात. मी विचारते, "पेपर वाईट गेला त्या संध्याकाळी देवाशी काय बोललास?" कुणी म्हणतो, "भांडलो. म्हटलं, एवढं करून हेच का?" कुणी म्हणते, "काही नाही, सांभाळून घे म्हटलं आणि झोपले." या दोघांची मला विशेष काळजी वाटत नाही. भांडणाऱ्याचीही नाही; आपल्याकडे संतांनीसुद्धा विठ्ठलाला शिव्या दिल्यात आणि त्याने त्यांची भक्ती उणी झाली नाही. काळजी वाटते ती तिसऱ्या उत्तराची: "बोललोच नाही मॅडम, कुठल्या तोंडाने बोलणार? दोन दिवस माळ चुकली होती." या मुलाच्या डोक्यावर विद्यापीठाचा परीक्षक होताच, आता देवही परीक्षक होऊन बसलाय, आणि त्याच्याकडे फेरतपासणीची सोय नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटात माणसं धर्माचा वापर कसा करतात यावर मोठं काम केलं. त्यांची एक चौदा विधानांची छोटी प्रश्नावली आहे, सात विधानं आधार देणाऱ्या वळणाची आणि सात बिघडलेल्या नात्याची. त्या दुसऱ्या सातांत एक विधान जवळजवळ शब्दशः आपल्या या मुलाचं आहे: माझी भक्ती कमी पडली म्हणून देव मला शिक्षा करतोय. असं वाटणाऱ्यांत ताण, चिंता, उदासी जास्त असते, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. भक्ती कमी करा असा त्याचा अर्थ नाही. "शिक्षा" हा धागा तेवढा उसवायचा आहे.

पार्गमेंट यांनीच १९८८ मध्ये प्रश्न सोडवण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या होत्या, आणि त्या वाचताना मला दर वेळी आपल्या म्हणी आठवतात. पहिली तऱ्हा, सगळं देवावर टाकून मोकळं होणं: असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. दुसरी, देवाला मध्ये न आणता आपलं आपण पाहून घेणं. तिसरी, दोघांनी मिळून करणं: प्रयत्नांती परमेश्वर. परीक्षेसारख्या, जिथे आपल्या हातात बरंच काही असतं अशा प्रसंगात पहिली तऱ्हा विद्यार्थ्याला गोत्यात आणते. पण घरात कुणी अत्यवस्थ असेल, जिथे आपलं काही चालतच नाही, तिथे तीच तऱ्हा माणसाला तारते. म्हणजे तऱ्हा चुकीची नसते, जागा चुकते. एम-थ्री हरीच्या हातात नाही. निकाल कधी लागणार हे मात्र खुशाल त्याच्यावर सोड, कारण ते विद्यापीठालाही ठाऊक नसतं.

नवसाचंही असंच. नवस बोलणाऱ्या मुलांना मी हसत नाही. "पास झालो तर अंगारकीला सिद्धटेकला जाईन" असं म्हटल्याने घोळत राहिलेल्या काळजीला एक तारीख मिळते, आणि त्या रात्री झोप लागते. पण नापास झालं की मार दुहेरी बसतो. मार्क गेले ते गेलेच, वर देवानेही नाही म्हटलं. म्हणून बोलायचाच तर नवस निकालाचा बोलू नये, पेपर देऊन झाल्याचा बोलावा. सगळे पेपर दिले की जायचं, कसे गेले ते न बघता.

आता अध्यात्म कुठे खरोखर कामाला येतं ते सांगते, कारण येतं हे नक्की.

एक म्हणजे शरीर. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या एका गटाचा छोटासा अभ्यास छापून आला, तेवीस निरोगी माणसांवरचा. त्यांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि मग "ओम मणि पद्मे हुम" हा बौद्ध मंत्र. दोन्हींमध्ये श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आली, आणि हृदयाची लय व रक्तदाब यांचे चढउतार त्या श्वासाशी जुळून आले. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा तरी श्वास घेतो. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. हे देव मानणाऱ्यालाही लागू आणि न मानणाऱ्यालाही. वसईच्या चर्चमधली रोझरी, वारकऱ्यांचा हरिपाठ, दर्ग्याबाहेर तस्बीह घेऊन बसलेले आजोबा, या सगळ्यांच्या पोटात हे यंत्र आहे.

पण त्यासाठी गती हवी तशी हवी. मुलांना समोर जप करायला सांगितला की बहुतेकांची माळ रेल्वेसारखी धावते, कारण १०८ संपवायचे असतात. श्वास वरवरचा, खांदे वर, जबडा आवळलेला. त्याने काही होत नाही, झालंच तर धाप लागते. करून बघ: नाम श्वास सोडताना घे, घेताना नाही. सोडणं घेण्यापेक्षा लांब. एक नाम, एक श्वास, साधारण दहा सेकंद. हॉलमध्ये जाण्याआधी जिन्याशी उभं राहून पाच मिनिटं. तीस नामं होतील, पुष्कळ झाली. पेपर हातात आल्यावर डोकं कोरं पडलं तर पेन खाली ठेवून पुन्हा तीन. माळ लागत नाही, आणि शेजारच्याला कळतही नाही.

दुसरं म्हणजे सोबत. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेला मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, मेसचं जेवतो आणि वर्गात इंग्रजी येत नाही म्हणून तोंड मिटून बसतो. त्याला गुरुवारच्या आरतीला दहा ओळखीची माणसं भेटत असतील, कुणी "काय रे, दिसला नाहीस मागच्या खेपेला" म्हणत असेल, तर ते औषधच आहे. ते देवामुळे की माणसांमुळे, हा वाद संशोधकांनी खुशाल घालावा. सलोख्याची चार माणसं वगळली तर धार्मिकतेचा बराचसा फायदा आटतो, असं माझं अनुभवाचं मत. ॲपवर खोलीचं दार लावून एकट्याने केलेल्या ध्यानात हे नसतं.

तिसरं, आणि सगळ्यांत कमी बोललं जाणारं: आपण इथे का आहोत याचं उत्तर. नागपूरच्या दीक्षाभूमीला दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जाणारे संशोधक विद्यार्थी मी पाहिलेत. घरातली शिकणारी पहिली पिढी, गाइड टोमणे मारणारा, फेलोशिप रखडलेली. तिथे जाऊन आल्यावर त्यांच्यातला "माझी लायकी आहे का इथे असायची?" हा प्रश्न काही महिने तरी गप्प होतो. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये तिथे जे केलं त्यात ईश्वराची जागाच नव्हती, तरी याला आध्यात्मिक आधार म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? अभ्यासांमध्येही बऱ्याचदा हेच दिसतं की पूजाअर्चा किती करता यापेक्षा जगण्याला अर्थ वाटतो का, याचा ताणाशी जास्त जवळचा संबंध असतो.

आता तुझं ॲप. सलग किती दिवस ध्यान केलं ते आकड्यात दाखवतं ना? एक दिवस चुकला की शून्य? मग ते ध्यान राहिलं नाही, आणखी एक सबमिशन झालं. तो आकडा बंद करता येत असेल तर कर. नाहीतर ॲप काढून टाक आणि घड्याळ लावून बस.

ध्यानाचा परीक्षेच्या ताणावर उपयोग होतो का, याचं एक चांगलं उत्तर केंब्रिज विद्यापीठातून आलंय. तिथे ६१६ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला विद्यापीठाच्या नेहमीच्या मदतीखेरीज आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेस ध्यानाचा, वर्ग, दुसऱ्याला फक्त नेहमीची मदत. २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. परीक्षेच्या काळात वर्ग केलेल्यांपैकी ३७ टक्के मुलांचा मानसिक त्रास काळजीच्या रेषेच्या वर होता; न केलेल्यांपैकी ५७ टक्क्यांचा. हा फरक लहान नाही. पण नीट बघ: वर्ग परीक्षेच्या कितीतरी आधी झाले होते, आठवड्यातून एकदा, शिकवणाऱ्या माणसासमोर, इतर मुलांसोबत. परीक्षेच्या तोंडावर कुणाला डोळे मिटून बसवलं नव्हतं.

म्हणून विपश्यनेचं स्पष्ट सांगते: आत्ता नको. इगतपुरीच्या शिबिराबद्दल मला आदर आहे. पहाटे चारला उठणं, दिवसाचे दहा तास बसणं, मौन, फोन नाही, वही-पेन नाही, वाचन नाही. सुट्टीत, बऱ्या मनःस्थितीत गेलेल्या अनेकांना त्याने खूप दिलंय. पण पहिलं शिबिर आणि वायडीची टांगती तलवार हे एकत्र जमत नाही. तिथे अभ्यासाचे दहा दिवस जातील ही लहान गोष्ट. मोठी ही की दाबून ठेवलेलं सगळं वर येतं, आणि ते घेऊन तू थेट परीक्षेत बसशील. आणि तू तिथे साधनेसाठी निघालायस की ट्रान्सफॉर्मच्या धड्यापासून पळून, हे स्वतःला विचार. पळणं वाईट नाही, रविवारी सिंहगडावर पळ. सध्या काही मानसिक त्रास किंवा औषधं चालू असतील तर शिबिराच्या अर्जात ते विचारतात, आणि ते लपवू नये. हे तुझ्यासाठी नाही, हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी.

त्यांच्यासाठीच आणखी एक, कारण हे देवघराच्या आड फार दिवस लपून राहतं. रामरक्षा म्हणताना मध्येच मनात घाण विचार आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा. मग हात धुऊन पुन्हा. सकाळची दोन लेक्चर यातच जातात. आई कौतुक करते, पोरगी किती श्रद्धाळू. मुलीला मात्र त्यात आनंद नसतो, भीती असते: नीट म्हटलं नाही तर बाबांना काहीतरी होईल. ही भक्ती नव्हे, हा ओसीडी आहे, मंत्रचळाचा आजार. तो औषधांनी आणि विशिष्ट वर्तनोपचाराने बरा होतो, आणि बरा झाल्यावर रामरक्षा पुन्हा गोड लागते. तसंच, रात्र रात्र झोप न घेता कुणी उत्साहाने फुललेला असेल आणि देवाने आपल्याला खास कामासाठी निवडलंय असं सांगत असेल, तर त्याला महाराजांकडे नेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, त्याच दिवशी. दोन आठवडे झोप-भूक उडालेली, अंघोळीचाही कंटाळा, आणि "नसलेलं बरं" असे विचार येत असतील तर "नाम घे, सगळं ठीक होईल" हे उत्तर पुरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नाम फोन लावल्यानंतरही घेता येतं.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यांत अवघड शेवटी ठेवलंय: पारायण आणि आई.

सप्ताहाचं वेळापत्रक तुला ठाऊक असेलच. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस, असं करत सातव्या दिवशी अवतरणिकेपर्यंत. मध्ये उठायचं नाही, सोवळं, चटईवर झोपणं, एकभुक्त. तिघांच्या खोलीत, एकाच्या गेमच्या आवाजात आणि दुसऱ्याच्या अंड्याच्या भुर्जीत हे पाळायला बसशील तर रोज काहीतरी मोडणार. आणि तुझ्या मनात आधीच तो तिसऱ्या उत्तरातला मुलगा दडलाय: मोडलं म्हणून नापास झालो, असं तो म्हणणारच. नापास होण्याआधीच कारण तयार. म्हणून या महिन्यात पूर्ण सप्ताह तू वाचू नयेस.

पण आईला "हे सगळं थोतांड आहे" म्हणून उडवून लावू नकोस. तिला तुझी केटी सोडवता येत नाही, एम-थ्री म्हणजे काय हेही तिला माहीत नाही. तुझ्यासाठी काहीतरी करता येण्याची तिच्या हातातली एकच वाट ही आहे. तोडगा परंपरेतच आहे. संकल्प तिचा आहे, तर सप्ताह तिने घरी वाचावा, तुझ्या नावाने. तू रोज फक्त चौदावा अध्याय वाच. हजारो घरांत संकटकाळी तेवढाच वाचतात आणि कुणी त्याला कमी लेखत नाही. एक दिवस राहिला तर राहिला. फोनवर तिला असं सांग: "आई, तू वाच, मी अभ्यास करतो, दोघांचं मिळून एक पारायण." आणि पेपरच्या दिवशी तिने "वाचलास का?" ऐवजी "जेवलास का?" एवढंच विचारावं, हेही आधीच सांगून ठेव. आया ऐकतात, एकदा काम नेमून दिलं की.

बाकी उरला एम-थ्री. दोन्ही खेपेच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती काढल्या असशील तर त्या समोर घे आणि मार्क नेमके कुठे गेले ते पाहा: पद्धतच येत नव्हती, की येत असून हात थरथरला म्हणून आकडेमोड चुकली. पहिलं असेल तर शिकवणारा सीनियर शोध, जप त्याला पर्याय नाही. दुसरं असेल तर वर सांगितलेला श्वास आजपासून सुरू कर, आणि दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला बस. कुठलं आहे ते कळत नसेल तर त्याच प्रती घेऊन तुमच्या कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येच सांगितलंय. तुमच्याकडे नेमला नसेल तर ऑफिसात जाऊन तेही विचार.